गुरुजी, परवाना दाखवा!

आपल्या देशात कुठल्या कामाला परवाना लागतो आणि कुठल्या कामाला लागत नाही, याचा मी एकदा सवडीने हिशेब मांडला. (सवड भरपूर होती. त्या दिवशी बँकेची ‘लिंक’ बंद होती.) स्कूटर चालवायला परवाना लागतो. बंदूक बाळगायला लागतो. औषधं विकायला लागतो. वरातीत बँड वाजवायचा तर पोलिसांची परवानगी लागते. त्या वरातीतल्या नवरदेवाला मात्र पुढच्या आयुष्यासाठी कुठलीही परीक्षा द्यावी लागत नाही. बाप होणं हे तर आपल्याकडे पूर्वापार विनापरवाना चालत आलेलं काम आहे. सल्ला देण्यालाही परवाना नाही, नाहीतर आमची निम्मी सोसायटी आज आत असती.

या यादीत मास्तर कुठे बसतो, हा प्रश्न मला गेले काही महिने छळतो आहे. दुसऱ्याच्या मुलाला शिकवण्याचा अधिकार माणसाला कोण देतो? त्याची अक्कल, मुलांचा लोभ, की पुण्याच्या परीक्षा परिषदेतून आलेला कागद? मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आमच्या अभ्यासक्रमात नीतिशास्त्र नव्हतं, ऑडिटिंग होतं. पण ऑडिटिंग म्हणजे तरी काय? दुसऱ्याच्या नीतीवर घेतलेला पद्धतशीर संशय. तेव्हा या विषयात बोलायचा थोडाफार अधिकार मला आहे, असं समजून चाला.

पूर्वी हे सोपं होतं. दारावर ‘बी. ए., बी. टी.’ अशी पाटी असली की गल्लीतली पोरं आवाज खाली करून जायची. त्या बी. टी.चं पुढे बी. एड. झालं. आता मास्तर व्हायचं म्हणजे काय काय करावं लागतं ते ऐका. धाकट्या वर्गांसाठी बारावीनंतर दोन वर्षांची पदविका. तिला पूर्वी डी. एड. म्हणत, आता डी. एल. एड. म्हणतात, नाव लांबलं, वर्षं तेवढीच राहिली. वरच्या वर्गांसाठी पदवी आणि बी. एड. हे बी. एड. एका वर्षात उरकायचं, ते २०१५ पासून दोन वर्षांचं झालं. मग टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या आधारे २३ ऑगस्ट २०१० रोजी दिल्लीहून अधिसूचना निघाली आणि पहिली ते आठवीच्या शिक्षकांना ही परीक्षा लागू झाली. आपल्या राज्यात ती प्रथम झाली डिसेंबर २०१३ मध्ये. १५० प्रश्न, १५० गुण, १५० मिनिटं. ६० टक्के, म्हणजे ९० गुण पडले की पास. राखीव प्रवर्गाला थोडी सवलत. सुरुवातीला हे प्रमाणपत्र सात वर्षं चाले. माणसाची लायकी सात वर्षांनी लोणच्यासारखी बुरसते, असा तेव्हाचा सिद्धान्त असावा. २०२१ मध्ये ती एकदम आजन्म टिकाऊ ठरली.

बरं, टीईटी झाली की नोकरी? छे! मग ‘टेट’ नावाची निराळीच परीक्षा. तिचं पाळण्यातलं नाव ‘अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी’. पात्रता असलेल्या माणसाला बुद्धी आहे का, हे २०० गुणांत पाहायचं. त्यानंतर ‘पवित्र’ नावाचं पोर्टल. आणि एवढं सगळं होऊन नेमणूक झालीच, तर पहिली तीन वर्षं ‘शिक्षण सेवक’. प्राथमिकच्या सेवकाचं मानधन फेब्रुवारी २०२३ मध्ये दरमहा १६ हजार केलं. त्याआधी ते ६ हजार होतं. माझ्या माहितीत दुसरा कुठला धंदा नाही, ज्यात माणूस एवढा पारखून घेतात आणि मग एवढा स्वस्त लावतात.

आणि गंमत बघा. ज्या कामांसाठी एवढी पारख केली, त्यांखेरीज जी कामं मास्तरांच्या गळ्यात पडतात, त्यांना कसलीच परीक्षा नाही. मतदारयाद्या तपासा, शिरगणती करा, घरोघर जाऊन सर्वेक्षण करा, दुपारच्या खिचडीची चव घ्या. तिथे कुणी म्हणत नाही, ‘बाई, खिचडी चाखण्याची पात्रता सिद्ध करा.’

हे सगळं मी बाहेरचा माणूस म्हणून मजेत सांगत बसलो असतो. पण आमची सौ. नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका आहे. २००४ साली ती शिक्षण सेविका म्हणून लागली, तेव्हा टीईटी जन्मालाच आली नव्हती. तेव्हापासून २१ वर्षं ती पहिली-दुसरीच्या पोरांना अ-आ-इ आणि बेरीज-वजाबाकी शिकवत आली. आणि १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की जुन्या शिक्षकांनाही टीईटी हवी. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून कमी काळ उरलाय, त्यांनी परीक्षेवाचून नोकरी पुरी करावी, फक्त बढती मागू नये. बाकीच्यांनी दोन वर्षांत पास व्हावं, नाहीतर निवृत्तीचे लाभ घेऊन घरी जावं. सौ.च्या निवृत्तीला १४ वर्षं आहेत. म्हणजे ती ‘बाकीच्यांत’.

त्या संध्याकाळी ती घरी आली ती काही बोललीच नाही. आमच्या घरात ही घटना इतकी दुर्मिळ, की मी शेजारून थर्मामीटर मागवणार होतो. रात्री भांडी आवरताना म्हणाली, “एकवीस वर्षं शिकवलं, ते काय फुकट?”

मी तिचाच पक्ष घेतला. संसारात पक्ष घ्यायचा तर निवड करायला फारसा वाव नसतो. पण खरोखरच मला ते पटलं होतं. स्कूटरचा परवाना काढताना आरटीओत आठचा आकडा काढून दाखवावा लागतो. नंतर उभ्या आयुष्यात रस्त्यावर कुणी आठ काढत नाही. आता २१ वर्षं बिनअपघात गाडी चालवलेल्या माणसाला मध्येच थांबवून ‘चला, आठ काढा’ म्हणायचं, याला काय अर्थ आहे?

दुसऱ्या दिवशी बँकेत हाच मुद्दा मी तावातावाने मांडला. आमचे हेड कॅशियर म्हणाले, “तुमचं म्हणणं मुदत ठेवीसारखं आहे. ठेव ठेवताना जो दर ठरला तो मुदत संपेपर्यंत. पण नोकरी मुदत ठेव कशावरून? ती फ्लोटिंग रेटचं कर्ज असेल. रिझर्व्ह बँकेने दर बदलला की हप्ता बदलला.” कॅशियर लोकांचं हेच वाईट. दिवसभर दुसऱ्याचे पैसे मोजून त्यांना कुठल्याही गोष्टीच्या दोन्ही बाजू मोजायची सवय लागते.

तरी त्यांचा मुद्दा डोक्यातून जाईना. शिक्षकाच्या बाजूने पाहिलं तर ती मुदत ठेवच आहे. माणसाने ऐन तारुण्यात त्या वेळच्या अटी पुऱ्या करून आपली वर्षं ठेवली. मध्येच अट बदलणं हा विश्वासघात वाटणारच. पण मुलाच्या बाजूने पाहिलं तर? मूल दर जूनमध्ये नवं येतं. त्याने कुठल्याही जुन्या करारावर सही केलेली नसते. त्याला पहिली इयत्ता आयुष्यात एकदाच मिळते, आणि समोर जे मास्तर उभे राहतील ते मुकाट्याने घ्यावे लागतात. मास्तर बदलून द्या, असं सांगायला त्याला काउंटर नाही.

कागदाचं महत्त्व मी बँकेत शिकलो. दर नोव्हेंबरात आमच्याकडे पेन्शनरांची रांग लागते, हयातीचा दाखला द्यायला. आता घरबसल्या, मोबाइलवर चेहरा दाखवूनही तो देता येतो, पण आमच्या गावच्या मंडळींना हयात असल्याचं प्रत्यक्ष येऊन सांगण्यात जास्त समाधान. त्यात एक निवृत्त गुरुजी येतात. अर्ध्या गावाला त्यांनी शिकवलंय, आमच्या मॅनेजरसाहेबांच्या सासऱ्यांसकट. मागच्या खेपेला मी त्यांचा फॉर्म भरून सहीसाठी पुढे केला. गुरुजींनी चष्मा लावला, फॉर्म वाचला आणि म्हणाले, “‘हयात’मधला ह नीट काढ. ड वाटतोय.” माणूस जिवंत आहे एवढंच नाही, अजून मास्तरही आहे, याचा याहून भक्कम पुरावा कुठला? तरीही मी सही घेतली. कारण मी गुरुजींना ओळखत असलो तरी ती कागदपत्रं पुढे तपासणारा माणूस ओळखत नाही. आणि माणूस वर गेल्यावरही खाली पेन्शन चालू राहते, हे बँकवाल्यांना चांगलं ठाऊक असतं. ओळखीच्या माणसांत कागदाची गरज पडत नाही. तो अनोळखी माणसासाठी असतो.

कायद्याला आमची सौ. अनोळखी आहे. तो तिच्या वर्गात कधी बसलेला नाही. तुम्ही म्हणाल, मग चांगल्या शिक्षकांना सूट द्या की. चांगले कोण, ते गावात सगळ्यांना माहीत असतं. असतं खरं! पण आमच्या गावात ‘सगळ्यांना माहीत असलेले’ उत्तम शिक्षक मी मोजू लागलो, तर निम्मे कुणाचे तरी मेहुणे निघाले. ओळखीवर सूट दिली की सूट ओळखीच्यांनाच मिळते. एवढ्यासाठी तर कागद निघाला.

पण मग कागदावर तरी किती विसंबायचं? आमच्या शाखेत नवी लागलेली एक मुलगी आहे. तिचा भाऊ डी. एड. दोनदा टीईटी हुकली, तिसऱ्यांदा रात्री जागून पास झाला. आणि मग २०२१ च्या डिसेंबरात पुणे पोलिसांनी टीईटीतला गैरव्यवहार उघडकीला आणला. परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांनाच अटक झाली. २०१९-२० च्या परीक्षेतल्या ७,८०० हून अधिक उमेदवारांवर २०२२ मध्ये कारवाई झाली आणि त्यांचे निकाल रद्द झाले. ती मुलगी सांगत होती, “भावाने पेढे वाटले होते. नंतर जो तो विचारायचा, ‘कितीला पडलं?’ पेढे नव्हेत हो, सर्टिफिकेट!”

हे ऐकून हसू येतं आणि पोटात गोळाही येतो. काउंटरवर खोटी नोट आली की आम्ही ती जप्त करतो, तिच्यावर शिक्का मारतो आणि आणणाऱ्याला पावती देतो. नोटेचे पैसे मिळत नाहीत. छापणारा कुठेतरी मजेत असतो. भुर्दंड बसतो तो ज्याच्या हातात ती शेवटी आली त्या बिचाऱ्याला, बहुधा भाजीवाल्याला. खोट्या प्रमाणपत्राचंही तसंच. त्याचा भुर्दंड पहिलीतल्या पोराला बसतो, आणि त्याला तर पावतीही मिळत नाही. आपल्याला वजाबाकी कुणी नीट शिकवलीच नव्हती, हे त्याला कळतं दहावीत, आणि तेव्हाही तो समजतो की आपलंच डोकं मठ्ठ.

म्हणून काय नोटा बंद करायच्या? (तोही प्रयोग आम्ही काउंटरच्या आतून पाहिलाय, २०१६ साली. त्याबद्दल पुन्हा कधीतरी, रक्तदाब बरा असताना.) नोटा बंद करत नाहीत, धागा बदलतात, रंग बदलतात, छापखान्यावर पहारा वाढवतात. इथेच मला या सगळ्या प्रकरणातली खोच सापडली. मास्तरांना ‘परवाना दाखवा’ म्हणण्याचा अधिकार सरकारला आहे, मुलाच्या वतीने आहे. पण जो दाखला मागतो त्याच्यावरही काही देणं लागतं. परीक्षा वेळेवर घ्यायची, चोख घ्यायची, अभ्यासाला सवड द्यायची. खिचडी, मतदारयादी आणि बालमानसशास्त्र एकाच संध्याकाळी गळ्यात घालायचं नाही. छापखान्याचं दार उघडं टाकायचं आणि नोट मात्र दिव्यापुढे धरून बघायची, हा न्याय नव्हे.

काही मंडळी म्हणतात, शिकवणं रक्तात असावं लागतं, प्रशिक्षणाने काय होतं? अशांना मी सावित्रीबाईंचं उदाहरण देतो. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. अंगावर शेण-दगड झेलत शाळेत जाण्याची जिद्द कुठल्याही परीक्षेत मोजता येणार नाही, ती रक्तातच असावी लागते. पण त्याच सावित्रीबाईंनी शिकवण्याचं रीतसर प्रशिक्षणही घेतलं होतं. आणि जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शाळांना प्रशिक्षित शिक्षक द्या आणि त्यांना पगार बरा द्या, अशा दोन्ही मागण्या होत्या. दीडशे वर्षं होत आली. पहिल्या मागणीवर आपण परीक्षांमागून परीक्षा बसवल्या. दुसरीचं काय झालं, ते शिक्षण सेवकाला विचारा.

घरात मात्र अभ्यास सुरू झाला. गाईडं आली. फ्रिजवर बालमानसशास्त्र, मिक्सरजवळ परिसर अभ्यास. मी प्रश्न विचारायचे आणि तिने उत्तरं द्यायची, असं ठरलं. लग्नानंतर प्रथमच प्रश्न विचारण्याचा अधिकार माझ्याकडे आला होता, त्यामुळे मी खुर्चीत ताठ बसून विचारत असे.

“पियाजेच्या मते मूर्त क्रियात्मक अवस्था कोणत्या वयात येते?”

“सात ते अकरा,” ती म्हणाली. “पण माझ्या वर्गातल्या एका पोरीला सहाव्या वर्षी आली. आईच्या भाजीच्या गाडीवर सुटे पैसे बरोबर परत देते.”

“ते तिथे लिहू नकोस.”

“लिहायचं कुठे? गोल काळे करायचे आहेत.”

दुसऱ्या दिवशी सराव-प्रश्नांतला एक निघाला. मूल सतत खिडकीबाहेर बघत असेल तर शिक्षकाने काय करावे? चार पर्याय होते. त्याला समज द्यावी, जागा बदलावी, पालकांना कळवावे, अध्यापन रंजक करावे. सौ. म्हणाली, “आधी खिडकीबाहेर काय आहे ते बघावं.” हा पर्याय गाईडात नव्हता. मी मनातल्या मनात तिला दीडशेपैकी दीडशे दिले. पण माझ्या हातात परिषदेचा शिक्का नाही.

एका रात्री मात्र पुस्तक मिटून ती म्हणाली, “नापास झाले तर वर्गात काय सांगू हो? पोरांना मी म्हणते, नापास झालं म्हणून काही बिघडत नाही, पुन्हा करू. माझ्या बाबतीत तर बिघडतंच.” मला उत्तर सुचलं नाही. घराचे हप्ते अजून सहा वर्षं आहेत, हे आम्ही दोघंही बोललो नाही. तिच्या जागी येईल तो माणूस सगळ्या परीक्षा पास झालेला असेल. तो चांगलाही असेल. पण भाजीच्या गाडीवरची पोर वजाबाकीत आधीच हुशार आहे आणि तिला अडतं ते वाचनात, हे त्याला कळायला दिवाळी उजाडेल. हा तोटा कुठल्या खात्यात लिहायचा? आमच्या लेजरमध्ये त्याला रकाना नाही. परवाना फार तर सांगतो, की हा माणूस गाडी झाडावर घालणार नाही. तो तुम्हाला नेमक्या गावी पोचवील की नाही, हे त्यावर लिहिलेलं नसतं. ते गाडीत बसल्यावरच कळतं.

शेवटी निकाल दिला तो तिनेच. मी नेहमीप्रमाणे न्यायालय, सरकार, परिषद सगळ्यांना नावं ठेवत होतो. ती म्हणाली, “पुरे आता. दुसरीतलं पोर ‘मला येतं बाई, मला येतं’ म्हणतं, तेव्हा मी काय म्हणते? ‘येतं ना? मग लिहून दाखव.’ एकवीस वर्षं हेच म्हणत आले. आता कुणी मला म्हटलं, तर मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू?” मग जरा थांबून म्हणाली, “फक्त एक आहे. लिहून दाखव म्हणताना मी त्याला पाटी-पेन्सिल देते, वेळ देते, आणि शेजारचं पोर बघून लिहीत नाही ना याच्यावर लक्षही ठेवते. तेवढं त्यांनीही करावं.”

नीतिशास्त्राचा याहून सोपा धडा मला कुठल्या पुस्तकात सापडेलसं वाटत नाही. एवढं बोलून तिने पुन्हा गाईड उघडलं आणि मला चहा ठेवायला पाठवलं. चहा करायला अजून तरी परवाना लागत नाही, हे माझं नशीब. कारण पहिला घोट घेताना तिचा जो चेहरा झाला, त्यावरून मला त्यात नव्वद गुण पडल्याचं काही दिसलं नाही.